नऊशे वीस वेढे

माझ्या हातून वेढा चुकत नाही. फुशारकी मारत नाही, हे कामच तसं आहे. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी नऊ वर्षं ट्रान्सफॉर्मरवर तांब्याची तार गुंडाळत होते. मशीनला आकडे दाखवणारं काउंटर होतं, पण ते मधूनच एखादा आकडा गिळायचं, म्हणून मी तोंडाने मोजायचे. अठ्ठ्याऐंशी सालापर्यंत माझा एकही नग टेस्टिंगहून परत आला नव्हता.

खाली आम्ही बारा बायका वाइंडिंगला. वरच्या मजल्यावर डिझाइनची खोली. तिथे पंखा, मोठी टेबलं आणि चार पुरुष. खालून वर बाई गेली ती फक्त चहा घेऊन. मला त्या खोलीत खुर्ची हवी होती. मी दहावी झालेली, पण किती व्होल्टला किती वेढे आणि किती करंटला किती जाड तार, हे हजारो जॉब कार्डं हाताखालून गेल्यावर दगडालाही कळलं असतं. वरच्या साहेबांना मात्र खात्री होती की आम्हाला कळत नाही.

अठ्ठ्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर शेठनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की कारखाना आता स्टीरिओ अँप्लिफायर बनवणार. वर एक जागा भरायची आहे. "ज्याला यायचंय त्याने घरी बनवलेला अँप्लिफायर आणून दाखवा. डिग्री विचारणार नाही," ते म्हणाले.

माझा नवरा परशुराम त्याच कारखान्यात असेंब्लीला. आयटीआय झालेला, हाताला फार स्वच्छ. त्याचे सोल्डरचे डाग मुगाच्या दाण्यासारखे गोल आणि चकचकीत. संध्याकाळी बाळकूमच्या घरी येता येता त्याने विचारलं, "सरू, दोघं मिळून बनवूया? बोर्ड माझे, सप्लाय तुझा. नावं दोघांची. शेठ ज्याला घेतील त्याला घेतील."

मला इतका आनंद झाला की मी बसमध्येच त्याचा हात धरला. आमच्या गावात हे कुणी करत नाही.

सप्लाय म्हणजे अँप्लिफायरचं पोट. वर कितीही गोड गाणं असो, खाली वीज नीट मिळाली नाही तर सगळं वाया. आणि आमच्याकडची वीज म्हणजे लहरी सासू. मी बारा दिवस मीटर लावून आकडे लिहिले. संध्याकाळी भाताची गिरणी सुरू झाली की एकशे पंच्याऐंशी व्होल्ट, आणि कारखाने बंद असतील त्या दिवशी भर दुपारी दोनशे पन्नास. पुस्तकातल्या दोनशे तीसवर विसंबून राहिले असते तर एक तर आवाज बसला असता, नाही तर वीज साठवणारे कपॅसिटर फुटले असते. परशुराम म्हणाला, "चाळीस व्होल्टचे कपॅसिटर चालतील की." मी म्हटलं, "चालतील, पण फक्त संध्याकाळी." मी त्रेसष्ट व्होल्टचेच आणायला लावले.

कोअर म्हणजे आतला लोखंडी पट्ट्यांचा गाभा, तो मी गरजेपेक्षा मोठा घेतला आणि व्होल्टला चार वेढे धरले, म्हणजे ट्रान्सफॉर्मर थंड आणि शांत राहील. घरच्या विजेच्या बाजूला नऊशे वीस. अँप्लिफायरच्या बाजूला एकशे चार आणि एकशे चार, दोन्ही अगदी सारखे. आणि एक नियम वहीत लाल पेनाने लिहिला: शून्याच्या, म्हणजे वीज परत नेणाऱ्या, सगळ्या वायरी पत्र्याच्या पेटीला एकाच स्क्रूवर येतील, दुसरीकडे कुठेही पत्र्याला टेकणार नाहीत. टेकल्या तर त्या दोन वाटांमधून चोरटी वीज फिरते आणि स्पीकर घुमायला लागतो. हा नियम मला परशुरामनेच समजावला होता. आयटीआयमध्ये शिकवतात.

आधी मी नुसता सप्लाय बल्बांवर चालवून पाहिला आणि एक छोटा स्पीकर जोडून कपॅसिटरातून काय सुटतं ते ऐकलं. डासासारखा बारीक गुणगुणता आवाज आला. कल्याणजवळच्या माहेराहून आई आलेली, तीही शेजारी बसून ऐकत होती. मी मोठे कपॅसिटर लावले आणि तो आवाज मेला. मग परशुरामचे बोर्ड जोडले. रविवारी सकाळी सगळं मिळून चालू केलं तर इतकं शांत, की चालू आहे की नाही ते बघायला मी स्पीकरला कान लावला. परशुराम उठून दारात जाऊन उभा राहिला. मला वाटलं, त्याला भरून आलंय.

सोमवारी, शेठना दाखवायच्या दिवशी, मी नवी साडी नेसेपर्यंत त्याने पेटीचे स्क्रू आवळून ठेवले होते.

शेठच्या केबिनमध्ये पेटी ठेवली, टेपरेकॉर्डर जोडला. कॅसेट सुरू होण्याआधीच स्पीकरमधून आवाज आला. घूंऽऽऽ. जाड, चक्कीसारखा. शेठनी आवाज कमी केला, वाढवला, घूं तसाच. "हे कुठून येतंय?" त्यांनी विचारलं.

मी परशुरामकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"सप्लाय, शेठ," तो म्हणाला. "सप्लाय हिने केलाय."

शेठ चांगले माणूस. म्हणाले, "बोर्ड सुरेख आहेत. परशुराम, तू वर ये. सप्लाय आपण इथे करून घेऊ." मला म्हणाले, "बाई, तुम्ही प्रयत्न केलात, हेच खूप आहे." त्यापेक्षा त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

परशुराम वर गेला. गावात पेढे वाटले, मीही वाटले. मला त्याचा राग आला नाही, हे आज सांगताना लाज वाटते. राग आला तो स्वतःचा. वाटलं, कुठे तरी वेढा चुकला. नऊ वर्षांची माझी मोजणी नेमकी त्याच दिवशी चुकली. खाली मशीनवर बसले की हात थबकायचा. चारशे म्हटलं की वाटायचं, तीनशे नव्व्याण्णव तर नसतील? त्या महिन्यात माझे दोन नग टेस्टिंगहून परत आले.

शेवटी एका रविवारी मी घरी परत आणलेली पेटी उघडली, ट्रान्सफॉर्मर बाहेर काढला, पट्ट्या उपसल्या आणि तार उलगडायला लागले. एकेक वेढा मोजत. परशुराम बाहेर गेलेला, आई पुन्हा आलेली. ती म्हणाली, "कं करतस गो? चांगला बांधलेला तो सोरतस?" मी मान हलवली. मोजताना बोलता येत नाही.

एकशे चार. एकशे चार. नऊशे वीस.

एकही कमी नाही, एकही जास्त नाही. मी तिथेच जमिनीवर बसून रडले. चूक सापडली असती तर निदान सुटले असते.

दुपारभर बसून तीच तार पुन्हा गुंडाळली, पेटीत बसवली, चालू केलं. घूं आलाच. आई भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. माझी आई भागीरथी म्हणजे आमच्या पंचक्रोशीतली धवलारीण, आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी. तिच्या कानात लग्नाच्या अख्ख्या चार दिवसांची गाणी, आणि सुरात कुणी बाई जरा खाली उतरली तरी तिला टोकणार. ती म्हणाली, "यो त्यो आवाज नाय गो."

"कुठला?"

"त्या दिशी बारका आयकवलास त्यो. त्यो वरचे पट्टीन होता. यो त्याचाच खालचा हाय."

घरातली वीज सेकंदाला पन्नासदा हेलकावते, सप्लायमधून गेली की शंभरदा. सप्लायचा दोष असता तर तो शंभरचा घूं, बारीक, वरच्या पट्टीत. हा पन्नासचा, त्याच्या बरोबर निम्मा. हा माझ्या सप्लायमधून येऊच शकत नव्हता. हा शून्याच्या वायरीतून येत होता. हे आयटीआय झालेल्या माणसाला एका कानाने कळतं.

मी उजवा बोर्ड उचलला. खाली, काळ्या नळीत लपवलेली बोटभर वायर होती. बोर्डाच्या शून्यापासून थेट पत्र्याला. टोकावर सोल्डरचा डाग होता, मुगाच्या दाण्यासारखा गोल आणि चकचकीत.

कटरने तोडली. घूं थांबला. घरात आईच्या सुपातल्या तांदळाचा आवाज ऐकू यायला लागला.

परशुराम आला तेव्हा ती वायर मी त्याच्या ताटाशेजारी ठेवली. त्याने बघितली आणि जेवायला सुरुवात केली. मग घास तसाच ठेवून म्हणाला, "सोमवारी सकाळी लावली. तू साडी नेसत होतीस."

"का?"

"तुझा सप्लाय ऐकला ना रविवारी. शेठनी तुलाच घेतलं असतं, सरू. बायको वर आणि मी खाली असेंब्लीला. गावात तोंड कसं दाखवणार होतो? आणि घर तर एकच आहे. तू काय, मी काय."

"महिनाभर मी स्वतःला चोर समजत होते," मी म्हणाले. "तुम्ही बघत होतात. माझे नग परत आले, ते पण तुम्हाला माहीत होतं. एकदा तरी सांगावंसं वाटलं नाही?"

तो रडला. खरं रडला, ते मी नाकारत नाही. माझ्या आईच्या पाया पडला. "उद्या शेठना सगळं सांगतो," म्हणाला. "वायर दाखवतो. तुला वर बोलावतील." त्याने वायर खिशात घातली. आणि मी मूर्ख, सकाळी पुन्हा तीच नवी साडी नेसले.

दहा वाजले, अकरा वाजले. वरून कुणाचं बोलावणं नाही. दुपारच्या सुट्टीनंतर सुपरवायझरने माझ्या मशीनवर नवीन जॉब कार्ड ठेवलं. पन्नास नग. स्टीरिओ अँप्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर. नऊशे वीस, एकशे चार, एकशे चार. तारेची जाडीसुद्धा माझीच. खाली 'डिझाइन' असं छापलेल्या जागेपुढे परशुरामची सही होती.

थोड्या वेळाने तो स्वतः खाली आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. बाकीच्या बायका हात थांबवून बघायला लागल्या. त्याने माझ्याकडे न बघता कार्डावर बोट ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हे दोन्ही भाग सारखे आले पाहिजेत. वेढे नीट मोजा, मागच्या वेळी घूं आला होता."

मी म्हटलं, "हो, साहेब."

बायका खळखळून हसल्या. त्यांना वाटलं, नवराबायकोची थट्टा चालली आहे.