ती थरथर माझी नव्हती

मित्रांनो, घाबरट माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. मी घाबरट खोका आहे. लोक मला सबवूफर म्हणतात. गाण्यातला जाड, खालचा आवाज काढणं हे माझं काम, आणि त्या कामापायीच माझा जीव सदा टांगणीला लागलेला.

प्लायवूडची पेटी आणि पुढे कागदाचा गोल पडदा, एवढाच मी. माझा आताचा मालक कुबात, त्याच्या वडिलांनी मला राजधानीत, बिश्केकच्या बाजारात घेतलं आणि मेंढ्यांच्या ट्रकमधून डोंगरातल्या या गावी आणलं. गावात लग्न ठरलं की पहिलं बोलावणं मला. मी घुमू लागलो की काठी टेकत चालणारे म्हातारेही रिंगणात उतरत, आणि कोणीतरी गरम बोर्सोकची, म्हणजे तळलेल्या कणकेच्या गोळ्यांची, परात खुशाल माझ्या डोक्यावर ठेवून जाई. त्या तेलाचे डाग अजून गेलेले नाहीत. वडील वारले आणि कुबातने मला बैठकीच्या खोलीत, चहाच्या प्याल्यांच्या कपाटाशेजारी आणून ठेवलं.

मग एका सप्टेंबरात जमीन हलली. पलीकडच्या दरीत घरं पडली, माणसं गेली. आमचं मातीच्या विटांचं घर वाचलं खरं, पण कुबातची आई, बुरुल आपा (आमच्याकडे आईला आपाच म्हणतात), तेव्हापासून अंगात कोट घालूनच झोपायची. आणि नेमका त्याच हिवाळ्यात माझा ॲम्प्लिफायर म्हातारा झाला. त्याचे कपॅसिटर फुगले. गाणं नसतानाही मी मधूनच घुं घुं करू लागलो, आणि कपाटातले प्याले खडखडू लागले.

प्याले वाजले की आपा आणि सून आयपेरी पाळण्याकडे धावत. कुबातची चार महिन्यांची मुलगी, इकडच्या रीतीप्रमाणे, त्यात पट्ट्यांनी बांधलेली असे. पट्ट्या सोडत बसायला वेळ कुठला? दोघी अख्खा पाळणाच उचलून बर्फात जाऊन उभ्या राहत. असं तीनदा झालं. शेजारीण कुंपणावरून विचारायची, आज पुन्हा पृथ्वी हलली वाटतं? मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि एकच भीती पोखरायची. उद्या खरंच जमीन हलली आणि यांना वाटलं, हा मेला खोकाच असेल, तर त्या बांधलेल्या पोरीचं काय होईल?

खडखड माझ्यामुळेच होते हे कळल्यावर आपाने मला टाकून द्यायचं ठरवलं होतं. पण कुबात गावचा कारागीर असान उस्ता याला घेऊन आला. गावात सिनेमा होता तेव्हा त्याचं यंत्र हाच माणूस चालवायचा. त्याने माझ्या पडद्यावर बोट फिरवलं, कान लावला.

"वहिनी, याचा गळा धडधाकट आहे," तो म्हणाला. "पोट बिघडलंय. तेवढं बदलू."

त्याने माझी पाठ उघडली तेव्हा मी गारठलो. जुना ॲम्प्लिफायर उपटून काढला, नवा बसवला, तारांना डाख दिला. बरोबर एक फिल्टरही जोडला. तो बारीक आवाज गाळून फक्त जाड आवाज माझ्याकडे धाडतो, आणि अगदी तळातली, नुसता थरकाप करणारी घरघर अडवून धरतो. दुपारपर्यंत काम झालं. गाणं थांबलं की मी ठार गप्प. उस्ता चहा पिऊन गेला, जाताना आपाला म्हणाला, की आता हा तुम्हाला फसवणार नाही.

आठ दिवस मी खूश होतो. मग पाहिलं, कुबात दिवसभर गाणी लावतो, गाण्याबरोबर प्याले थोडे किणकिणतात, आणि आपा आता मानही वर करत नाही. प्याले वाजले म्हणजे कुबातचं गाणं, असं सगळ्यांनी धरूनच टाकलं. आपाचा कोट खुंटीवर गेला. मित्रांनो, तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली. पूर्वी निदान धावत तरी होते!

एप्रिलातली दुपार होती. पोर झोपली होती, आपा कणीक मळत होती. प्याले वाजू लागले.

"कुबात, तो डबा बंद कर," आपा मान खाली घालूनच म्हणाली.

"बंदच आहे, आपा," शेजारच्या खोलीतून उत्तर आलं. हे तो नेहमीच म्हणायचा, आणि बाकीचं गाणं मिटवून माझा जाड आवाज तेवढा हळूच चालू ठेवायचा.

प्याले वाजतच राहिले. मी नाही गं, मी नाही, असं ओरडावंसं वाटत होतं. पण माझ्याकडे स्वतःचा शब्द कुठला? आपा चिडून उठली आणि मला गप्प करायला पिठाचा पंजा माझ्या पडद्यावर दाबला. पडदा स्थिर होता. तिच्या पायाखालची फरशी हलत होती.

"हा गप्प आहे," ती म्हणाली. "आयपेरी, पाळणा उचल. कुबात, बाहेर हो."

ते उंबरा ओलांडून गेले आणि मागे भिंत कोसळली. पाळणा होता त्या जागी कपाट आडवं झालं, मी त्याच्याखाली. बाहेर बाळाचं रडणं ऐकू येत होतं. इतकं गोड गाणं मी आयुष्यात वाजवलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी कुबातने मला उकरून काढलं. पेटीची एक बाजू फुटली आहे. तो लगेच उस्ताला बोलवायला निघाला होता, आपाने अडवलं. म्हणाली, आधी भिंत बांध, नीट, लोखंड घालून. मला ते अगदी पटलं.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू फेकू नका, दुरुस्त करा, हे तर सांगतोच. पण दुरुस्त झालं म्हणून जे भिण्यासारखं आहे त्याला भ्यायचं सोडू नका. आवाज कुणाचा आहे, ते उठून, हात लावून बघा.