अण्णांच्या नावाचं फोल्डर

माझे मोठे दीर वीरेंद्रअण्णा यांना ॲप काढायचं होतं. ॲप म्हणजे नेमकं काय हे त्यांना ठाऊक नव्हतं. जयसिंगपूरच्या एका व्यापाऱ्यानं काढलंय एवढं ठाऊक होतं, आणि अण्णांना तेवढं पुरतं.

निपाणीत आमची तंबाखूची वखार आहे. मी अनुराधा, मगदुमांची धाकटी सून. लग्नाआधी सहा वर्षं पुण्याच्या एका कंपनीत मोबाईलची ॲपच बनवत होते. घरात हे सगळ्यांना माहीत होतं, पण माझ्या माहेरच्या गल्लीचं नाव माहीत असावं तसं. आता शाळेत गणित शिकवते. नवरा वृषभ बेळगावला नोकरीला असतो, शनिवारी येतो.

एका रविवारी कोल्हापूरहून कॉम्प्युटर आला. एका बाजूनं काचेचा डबा, आत लाल-निळे फिरणारे पंखे. सोबत शर्यतीच्या गाडीत असते तसली खुर्ची. अण्णांनी ते सगळं बाहेरच्या खोलीत, दारासमोर मांडून घेतलं. रस्त्यानं जाणाऱ्यालाही दिसावं म्हणून खिडकीचा पडदा काढला. येत्या शुक्रवारी समाजाच्या हॉलमध्ये उद्‌घाटन होतं. ॲपचं नाव ठरलं नव्हतं, ते काय करणार हेही ठरलं नव्हतं. पाहुणे मात्र ठरले होते आणि पत्रिका छापून झाल्या होत्या.

ॲप बनवायला अण्णांनी साईराज सरांना बोलावलं होतं. चाळिशीचे, मूळचे कणकुंबीचे, बेळगावात स्वतःचा छोटा क्लास चालवणारे. खिशाला दोन पेनं, हातात जाडजूड वही. सोमवारी पहिल्या बसनं आले, बूट दाराबाहेर जोडीनं नीट लावले आणि कामाला बसले. बसले म्हणजे काय, तर आपल्या मोबाईलवर कुणाचा तरी व्हिडिओ लावला. तो थोडा पुढं न्यायचा, थांबवायचा आणि त्यात दाखवलंय तसं करायचं. मी दारातून पाहिलं आणि मनात म्हटलं, हा असला सर!

कॉम्प्युटर पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा त्यानं मालकाचं नाव विचारलं. सर इंग्रजीत टाकायला लागले, तर अण्णांनी हात धरला.

"इंग्रजीत कशाला? आपण काय साहेब हाय? मराठीत टाका. न्हाय, सरका, मीच टाकतो."

एका बोटानं, एकेक अक्षर शोधत अण्णांनी 'वीरेंद्र' लिहिलं. त्यावर फेटा बांधलेला आपला फोटो चिकटवला आणि मागं सरकून बराच वेळ पाहत राहिले.

पुढं काय होणार ते मला तिथंच कळलं. ज्या नावानं आपण खातं उघडतो त्याच नावाचं एक फोल्डर आत तयार होतं. ॲप बनवायची सगळी सामग्री त्या फोल्डरात उतरते. आणि त्या सामग्रीतल्या काही भागांना इंग्रजी सोडून दुसऱ्या लिपीतला फोल्डरचा पत्ता वाचता येत नाही. मराठी नाही, कन्नडही नाही. पुण्यात पहिल्याच वर्षी या एका गोष्टीवर माझे दोन दिवस गेले होते.

"अण्णा, एक सांगू का?"

"नंतर. आधी सरांना पाणी दे."

मी पाणी दिलं. सरांनी विचारलं, "मॅडम शिकवतात वाटतं कुठं?"

"गणित."

"बरंय की. हे जरा वेगळं असतंय."

"तेच म्हणतो मी," अण्णा म्हणाले. "तिचं पुण्याला कायतरी टायपिंगचं काम होतं."

मी आत निघून गेले. सांगायचं नाही, असं काही ठरवून गेले नाही. पण दुपारी शाळेतून परत आले तर पडद्यावर लाल अक्षरात सूचना आली होती: पत्त्यात न चालणारी अक्षरं आहेत. सरांनी ती न वाचताच बंद केली. तेव्हा मात्र मी ठरवलं. फसू देत.

सरांनी मग एक हुशारी केली. अर्धी सामग्री कॉम्प्युटरच्या दुसऱ्या कप्प्यात, डी ड्राईव्हवर टाकली. सूचना गेली. संध्याकाळपर्यंत सगळं उतरलं आणि अण्णांनी पेढे आणवले. मग सरांनी पडद्यावर खोटा फोन चालू करायला घेतला. आपलं ॲप कसं दिसतंय ते बघायला असा एक चित्रातला फोन असतो. तो काही उघडेना. उघडणार कसा? त्याचं सामान अजून अण्णांच्या नावाच्या फोल्डरातच होतं. पेढे खाऊन झाले होते.

मंगळवारी सरांनी सगळं पुसून कॉम्प्युटर पुन्हा पहिल्यापासून बसवला. पुन्हा नाव विचारलं गेलं, पुन्हा अण्णा खुर्चीत बसले. आदल्या दिवशी घाईत राहून गेलं म्हणून या वेळी पुढं 'श्री' लावलं. बुधवारी पुसून तिसऱ्यांदा बसवला, तेव्हा पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. दर खेपेला नाव मोठं होत होतं आणि कॉम्प्युटर तिथंच अडत होता.

माझी जाऊ क्षमाआक्का स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "तुला येतंय न्हवं हे?"

"येतंय."

"मग?"

"मला कुणी विचारलंय?"

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि फस्सकन हसली. मलाही हसू आवरेना. वीस वर्षं या माणसाचं ऐकत आलेली बाई ती, तिला तर जास्तच मजा आली. त्यानंतर बाहेरून अण्णांचा आवाज चढला की आम्ही दोघी एकमेकींकडं बघायचो. सरांना चहा नेऊन द्यायला मी स्वतःच पुढं व्हायला लागले. पडद्यावर काय चाललंय ते बघायला मिळायचं. सर मान वर न करता "ठेवा मॅडम" म्हणायचे.

गुरुवारी अण्णांचे दोन ओळखीचे व्यापारी चिकोडीहून आले होते. सासरे अण्णाप्पा, आमचे आप्पा, कोपऱ्यात पेपर वाचत होते. चित्रातला फोन सकाळपासून चौथ्यांदा उघडायला लावला होता आणि काळा पडून बसला होता.

अण्णा पाहुण्यांकडं वळून कन्नडमध्ये म्हणाले, "इवनिगे एनू बरंगिल्ल." ह्याला काही येत नाही. बेळगावात राहणाऱ्या माणसाला जणू कन्नड कळणारच नव्हतं. पाहुणे हसले. सरांचे कान लाल झाले. ते पाहून अण्णांना आणखी चेव आला.

"कणकुंबीच्या रानातनं उठून यायचं आणि सर म्हणवून घ्यायचं. नवं मशीन खराब केलंस माझं. बॅग इकडं आण. चालू झाल्याबिगर बॅग मिळायची न्हाय तुला."

आणि खरंच, त्यांनी सरांची बॅग उचलून आपल्या पायाशी ठेवली. चाळीस वर्षांच्या माणसाची. आप्पांनी पेपर खाली घेतला आणि पुन्हा वर घेतला.

मी रिकामे कप उचलायला गेले होते. सरांची वही उघडी होती. मला वाटलं होतं की त्या वहीत फुशारकीशिवाय काही नसणार. पण चार दिवसांतली प्रत्येक पायरी त्यात लिहिलेली होती, बारीक, सरळ अक्षरात. काय केलं, किती वाजता केलं, काय दिसलं. जिथं अडलं तिथं अधोरेखित. एकेक कारण घेऊन ते सगळं तपासत आले होते. वायर, मेमरी, इंटरनेट. नावाचं कारण तेवढं राहिलं होतं, आणि ते कुणीतरी सांगितल्याशिवाय सहसा सुचत नाही. मलाही पुण्यात एका बाईनं सांगितलं होतं.

"नावामुळं होतंय," मी म्हटलं.

कुणाला ऐकू गेलं नाही. मी कप खाली ठेवले. "अण्णा, तुमचं नाव मराठीत आहे, म्हणून चालेना झालंय. सर, उठा जरा."

सर उठले. मी त्या खुर्चीत बसले. दुसरं खातं उघडलं, इंग्रजीत फक्त 'magdum' एवढंच नाव दिलं, सामग्री साध्या छोट्या पत्त्यावर घेतली. घरातलं नेट जरा मंद होतं, म्हणून तासभर लागला. पाहुणे कंटाळून वखारीकडं गेले. मग चित्रातला फोन उघडला आणि त्यात 'नमस्कार निपाणी' असं मराठीत उमटलं. ॲपच्या आत मराठी छान चालते, फक्त बाहेर पत्त्यात चालत नाही.

"एवढंच व्हय?" अण्णा म्हणाले. मग त्यांचा चेहरा बदलला. "तुला कधी कळलं हे?"

"सोमवारी."

"मग सांगायला काय झालतं?"

"सांगत होते. तुम्ही पाणी आणायला लावलं."

हे बोलताना मला फार बरं वाटलं, ते खोटं कशाला सांगू? आत क्षमाआक्का नक्की ऐकत असणार होती. मी खुर्ची वळवली तर समोर साईराज सर उभे होते.

"सोमवारी माहीत होतं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तीन वेळा बसवलं मी सगळं. तुम्ही हितंच होता."

त्यांनी अण्णांच्या पायाजवळची आपली बॅग उचलली, वही आत घातली. अण्णा "अहो सर, आता चालू झालंय की" म्हणत होते, तिकडं त्यांनी पाहिलंही नाही. माझ्याकडं पाहिलं. अण्णांकडं मी बारा वर्षं जशी पाहत आले होते, अगदी तसं.

"अण्णांसारखी माणसं लई बघितल्यात," ते म्हणाले. "त्यांना येत न्हाय, म्हणून ओरडतात. तुम्हाला येत होतं."

शुक्रवारी उद्‌घाटन झालं. अण्णांनी माईकवरून सांगितलं की मशीनमधली चूक त्यांना स्वतःला सापडली. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मग पडद्यावर 'नमस्कार निपाणी' दाखवलं आणि सगळे जेवायला उठले. पुढचं ॲप मी करावं असं अण्णांनी आप्पांकरवी सुचवून पाहिलं. मी नाही म्हटलं. आता त्या कॉम्प्युटरवर अण्णा कुस्तीचे व्हिडिओ बघतात, आणि काचेतले पंखे फिरत असतात.

तीन आठवड्यांनी मी बेळगावला गेले. वृषभला काहीतरी कारण सांगितलं आणि सरांच्या क्लासचा पत्ता शोधला. एका मेडिकलच्या वरचा मजला, अरुंद जिना, दहा-बारा जुनी मशीनं. सर शिकवत होते. मला पाहून थांबले नाहीत. पाऊण तास मी दाराबाहेरच्या बाकावर बसले. मग ते बाहेर आले.

"बोला मॅडम."

"चुकलं माझं. अण्णांचा राग होता, तो तुमच्यावर निघाला."

"माझ्यावर बी होता की. मी 'हे वेगळं असतंय' म्हटलं म्हणून."

"हो. त्याचाही होता."

त्यांनी मान हलवली. माफ केलं असं म्हणाले नाहीत. आत जायला वळले आणि दारातच थांबले.

"आलाच हाय तर एक सांगा. तीन मशीनला मोबाईल जोडला तरी दिसत न्हाय. सगळं बघितलं. मोबाईल ओळखणारे ड्रायव्हर पण बदलले."

मी आत गेले. पहिल्या मशीनची वायर काढून पाहिली, मग दुसऱ्याची. तिन्ही वायरी नुसत्या चार्जिंगच्या होत्या, त्यातून माहिती जात नाही. शेजारच्या चालणाऱ्या मशीनची वायर काढून लावली, मोबाईल लगेच दिसला. मागच्या बाकावरच्या दोन मुली "अय्यो" म्हणाल्या.

"वायर," सर स्वतःशीच म्हणाले. "वायर बघितलीच न्हाय की मी."

"कुणीच बघत नाही," मी म्हटलं.

त्यांनी खडू उचलला, मुलींना म्हणाले, "लिहून घ्या," आणि फळ्याकडं वळले. मी अजून तिथंच उभी होते. त्यांनी बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. मी तिसऱ्या मशीनजवळचं रिकामं स्टूल ओढून घेतलं.