भिशीतलं मयुरीचं पुस्तक

मागचा अख्खा महिना मी कादंबऱ्या वाचल्या आणि त्या महिन्याने माझी झोप उडवली. संसार करून झाला, नवरा गेला त्यालाही वर्षं झाली. म्हटलं होतं, आता मला कसला धक्का बसायचा? बसला. एकामागून एक बसले, आणि शेवटचा सगळ्यांत मोठा.

आमच्या फैजपुरात आम्हा पाच जणींची पुस्तकांची भिशी आहे. पैशांच्या भिशीत निघते तशीच चिठ्ठी निघते. जिची निघेल तिला बाकीच्यांनी एकेक कादंबरी द्यायची, वर्तमानपत्राचं कव्हर घालून, नाव न लिहिता. तिने महिनाभर सगळ्या वाचायच्या आणि मग सर्वांसमोर सांगायचं, कोणती कोणाची. मी आजवर कधी चुकले नव्हते. माणूस ओळखण्यात पुष्पाबाईचा हात धरणारं कोणी नाही, असं मीच सांगत फिरायचे.

या खेपेला चिठ्ठी माझी निघाली. भिशीत लताबाई, द्रौपदाबाई, प्रज्ञा आणि माझी सून मयुरीही आहे. तिने आपलं पुस्तक पिशवीत टाकलं आणि दुसऱ्या दिवशी दिवाळीला माहेरी, साक्रीला गेली. भाऊबीज झाली, देवदिवाळी झाली, सून काही परत येईना. माझ्या मुलाला, कुंदनला विचारलं तर म्हणे, "राहू दे तिला. डोकं थंड झालं की येईल." तिला फोन केला की माझी तब्येत विचारायची, गोड बोलायची, आणि शेवटी एकच, "आई, पुस्तकं वाचताय ना? सगळी वाचा हं. एकही सोडू नका."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बाईसाहेबांना माझ्याबद्दल काहीतरी सांगायचं होतं आणि तोंडाने सांगायची छाती होत नव्हती. सून रुसते ती सासूवरच, दुसरं कोण असणार? माझं काय चुकलं ते कळलं तर ती परत येईल, नाहीतर गेली हातची. मी चष्मा पुसला आणि पुस्तकांत तिला शोधायला बसले.

पहिल्याच कादंबरीत सून सासूला दुधातून विष घालते. तेही हळूहळू, वर "आई, साखर पुरे ना?" असं विचारत. मी पुस्तक मिटलं आणि आठवडाभर दूध घेतलं नाही, मयुरी साक्रीत असूनसुद्धा.

दुसरीत एक पन्नाशीची बाई नवरा, नातवंडं आणि गॅसवरचं वरण तसंच सोडून तमाशातल्या ढोलकीवाल्याबरोबर निघून जाते. लिहिणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही! उलट बाई शेवटी खदखदून हसते. इतक्या चांगल्या घरच्या आमच्या बायका आणि गुपचूप हे वाचतात? मी दोन दिवस एकीच्याही तोंडाकडे नीट पाहू शकले नाही.

तिसरी भुताची. मेलेली सासू रोज स्वयंपाकघरात येते आणि सुनेला भाजीत मीठ कमी पडल्याचं सांगते. मी थिजलेच. मयुरीच्या भाजीतल्या मिठावरून मी बोलते, खोटं कशाला सांगू? म्हणजे पोरीला मी मेल्यावरही न सुटणारी वाटते तर. मला रडू आलं, रागही आला. पण एक बरं झालं, मयुरीचं पुस्तक सापडलं.

चौथी पातळशी होती. एका तरुण बाईला नवरा मारतो. शेजारच्या खोलीत त्याची आई असते. आवाज आला की ती मिक्सर लावते आणि शेंगदाण्याचा कूट करत बसते. घरात डबेच्या डबे कूट, खाणारं कोणी नाही. मी ती एका बैठकीत वाचली आणि त्या म्हातारीला तोंडभर शिव्या दिल्या. असलं पुस्तक आमच्या प्रज्ञाचंच. ती वकील आहे, यावलच्या कोर्टात रोज हेच ऐकते.

महिना संपला तशी लताबाईंच्या केळीच्या मळ्यात भरीत पार्टी ठरली. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या, आणि जेवणं झाल्यावर मी पदर खोचून उभी राहिले.

"भूत मयुरीचं," मी म्हणाले. "तिला मी काय समजायचं ते समजले. ढोलकीवाला द्रौपदाबाईंचा. विष लताबाईंचं, पोथी वाचणाऱ्यांच्याच मनात असलं असतं. आणि मिक्सरवालं प्रज्ञाचं. काय गं ती आई! कान होते की भोकं? मी असते तर पहिल्याच दिवशी पोराला उंबऱ्याबाहेर काढला असता."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग द्रौपदाबाई हसत सुटल्या. त्यांचं माहेर भडगावचं, बोलणं अजून तिकडचंच, अहिराणी. "अवं माय, ते भूतनं पुस्तक मनं शे! मनी सासू अजून भी मना सपनमा येस." म्हणजे भूत द्रौपदाबाईंचं निघालं.

लताबाईंनी खाली मान घालून ढोलकीवाल्यासाठी हात वर केला. दर गुरुवारी पोथी वाचणाऱ्या लताबाईंनी! मी आ वासून बघत राहिले.

"आणि विष माझं," प्रज्ञा म्हणाली. "दिवसभर खरी भांडणं ऐकते हो मावशी. घरी जरा गंमत नको का?"

"मग मिक्सरवालं कोणाचं?" मी विचारलं.

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. उरली होती एकच, मयुरी.

मी केळीच्या आडोशाला जाऊन साक्रीला फोन लावला. "मयुरी, मिक्सरवालं तुझं?"

"हो आई."

"कुंदन?"

"मी एकदा सांगायला आले होते तुमच्याकडे. तुम्ही म्हणालात, तो लहानपणापासून तापट आहे, जरा सांभाळून घे."

म्हणाले होते. मला वाटलं होतं, जेवणावरून बोलला असेल. खरं तर मी पुढे विचारलंच नव्हतं.

"म्हणून म्हटलं, गोष्टीतल्या बाईसाठी तरी तुम्हाला राग येतो का बघू," मयुरी म्हणाली. "आला का आई?"

"आला," मी म्हणाले. परत ये म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

घरी आले तेव्हा कुंदन दाराबाहेरच्या ओट्यावर मोबाइल बघत बसला होता. माझं पोर, माझ्यासारखंच नाक, माझ्यासारखेच हात. "आई, भरीत आणलं का?" म्हणाला.

"आणलं. हा डबा घे आणि आपल्या दुकानाच्या माडीवर राहायला जा. कपडे पाठवते. घर माझ्या नावावर आहे."

तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी पुस्तकं वाचून वाचून काहीतरी बडबडतेय. मी आत गेले आणि दाराला कडी घातली.

आधी त्याने हाका मारल्या. मग शिव्या दिल्या, मला, मयुरीला, तिच्या आईबापाला. मग दार बडवायला लागला. मी दाराला पाठ लावून खाली बसले, आणि माझा मुलगा किती जोरात मारतो ते पहिल्यांदा ऐकलं.