अकरा महिन्यांचं दूध

"घरचं कोणीच बरोबर नाही?" डॉक्टर इवानागांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही."

"भाऊ, भाचा, सासरकडचं कोणी?"

"नवरा बोटीसकट गेला. दीर ब्राझीलला गेला तो तिकडचाच झाला."

त्यांची पंचाईत झाली होती. आमच्याकडे असल्या दुखण्याचं नाव आधी घरच्यांना सांगतात आणि आजारी माणसाला साधी सूज आहे म्हणून समजावतात. माझ्या बाबतीत खोटं बोलायला त्यांना कोणी जोडीदार नव्हता. त्यांनी दार लावून घेतलं आणि खरं ते सांगितलं.

मानेतल्या गाठी, अंगावरचे चट्टे, घागरभर पाणी प्यायले तरी न भागणारी तहान, हे सगळं एकाच रोगाचं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत टी पेशी नावाची एक जात असते, तिचा कर्करोग. लिम्फोमा. जगात क्वचित कुठे होतो, पण आमच्या गोतो बेटांवर आणि समोरच्या क्युशूच्या किनाऱ्यावर होतो. त्यांनी मला दुर्बिणीखाली माझं रक्त दाखवलं. पेशींना पाकळ्या फुटल्या होत्या.

"फुलासारखं दिसतंय," मी म्हटलं.

"आम्हीही फुलपेशीच म्हणतो, देगुचीबाई."

औषधं शिरेतून द्यायची, चार प्रकारची, दर महिन्याला, नागासाकीच्या इस्पितळात राहून. केस जातील, तोंड येईल.

"घेतली तर किती दिवस?"

"वर्षभर. कदाचित कमी."

"नाही घेतली तर?"

"आता सप्टेंबर आहे. नवं वर्ष तुम्ही बघाल असं मी म्हणणार नाही."

मग त्यांनी विचारलं, मुलं किती पाजलीत? एक मुलगा, एकोणीस दिवस जगला, असं मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. हा रोग एका विषाणूमुळे होतो, ते म्हणाले, आणि तो बहुतेक आईच्या दुधातून येतो. मला माझ्या आईकडून आला असणार. शंभर जणांच्या अंगात असला तर चार-पाच जणांना रोग होतो, तोही चाळीस-पन्नास वर्षांनी. म्हणून आता इथल्या गरोदर बायांचं रक्त तपासतात आणि जिच्यात सापडेल तिला बाळाला डब्याचं दूध द्यायला सांगतात.

"ओसाकातही तपासतात?"

"नाही. इथेच सुरू होऊन दोन वर्षं झालीत. का विचारलंत?"

"सहज."

एकोणतीस वर्षांपूर्वी माझा मुलगा गेला त्याच महिन्यात शेजारच्या तोमेला नोरिए झाली. आठव्या दिवशी तोमेचं दूध आटलं. जिला दूध नाही तिने बापाच्या घरी जावं, असं तिची सासू उठता-बसता म्हणायची. माझं दूध तर थांबत नव्हतं. तोमे तेलाचं बी, नाहीतर सरपण वेचायच्या निमित्ताने पोरीला घेऊन मागच्या कॅमेलियाच्या झाडीत यायची, दिवसातून चारदा. अकरा महिने. कुणाला सांगणार नाही असं मी कबूल केलं होतं. सासू मेल्यावरही तोमे लोकांना सांगत राहिली, माझी पोरगी माझ्या दुधावर कशी दणकट झाली बघा. मी मान डोलवायची.

आता नोरिए ओसाकात होती, आठवा संपत आलेला. तोमे दोन दिवसांनी सुटणाऱ्या बोटीने तिच्या बाळंतपणाला जाणार होती.

मी परतले तेव्हा ती काठीवर उडते मासे वाळत घालत होती.

"तोंड का उतरलंय? त्या पोरसवदा डॉक्टरने सुया टोचल्या की काय?"

"कर्करोग आहे म्हणाला. औषध घेतलं तर वर्षभर."

तिने हातातला मासा खाली ठेवला.

"एकटी जायचं नाहीस नागासाकीला," ती म्हणाली. "मी महिन्याने येते, मग दोघी जाऊ. तुला त्या इस्पितळातली पेज गिळवणार नाही, मी आणीन डबा. ऐकतेयस ना?"

मी ऐकत होते. तेवढ्यावर थांबावं असं फार वाटलं. मग सांगितलं, दुधाचं.

"नोरिएचं रक्त तपासायला सांग, तोमे. बाळाने प्यायच्या आधी."

"कसलं दूध?"

"झाडीतलं."

"तू कधी पाजलंस माझ्या पोरीला?" आवाज चढला नव्हता, पण तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "मुलगा गेल्यापासून तुझं डोकं ठिकाणावर नाही. मी कधी बोलले नाही इतकंच."

"तोमे."

"माझी पोरगी माझ्या दुधावर वाढलीय. गावाला विचार."

तिने मासे गोळा केले. अजून ओलेच होते.

तो सगळा दुसरा दिवस मी नोरिएला पत्र लिहिण्यात घालवला. मला पन्नाशीनंतर शिकलेली साधी अक्षरंच येतात, त्यात गोष्ट लपवायला जागा राहत नाही. झाडी, अकरा महिने, रोगाचं नाव, डॉक्टरांचा फोन नंबर, सगळं लिहिलं. आईवर रागावू नकोस, तिला घालवून दिलं असतं, हेही लिहिलं. ते पत्र आणि तोमे एकाच बोटीने गेले.

उत्तर आलं नाही. मी एकटीच नागासाकीला गेले. पहिल्या औषधाने गाठी वितळल्या, डॉक्टर खूश झाले. शेजारच्या खाटांवर सुना यायच्या, नासपती-सफरचंदं चिरायच्या. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, म्हणजे कुणाला मला काही द्यायची वेळ यायची नाही.

दोन महिन्यांनी घरी आले तेव्हा तोमेच्या खिडकीत दिवा होता. सकाळी ती दारात केर काढताना दिसली. मी हाक मारली. तिने केर भरला आणि आत गेली. तसंच आठ दिवस चाललं.

नवव्या दिवशी दुपारी तिच्याकडे फोन वाजला. तोमे फोनवर कुजबुजत बोलणारी बाई. पण त्या दिवशी तिने माझ्या बाजूची खिडकी उघडली, तारेला ताण बसेल इतका फोन खिडकीशी आणला आणि गाव ऐकेल अशा आवाजात बोलू लागली.

"रक्तात निघालं ना? मग निघालं. डब्याचंच दे, नोरिए. पाणी उकळून घे. किती चमचे म्हणालीस? पाच? सगळं पितो?"

मी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि आवाज न करता उभी राहिले.

"रडतो तर रडू दे, दणकून रडतो म्हणजे चांगलं. वजन किती भरलं? पुन्हा सांग, मला ऐकू आलं नाही."

तिला ऐकू आलं होतं. तिने आकडा दोनदा म्हटला, दुसऱ्यांदा अगदी सावकाश. मग तिने खिडकी लावून घेतली.