सानुग्रह

तडजोड आज व्हायलाच हवी, असं रंभाबाईंनी सकाळीच ठरवून टाकलं होतं. खरं म्हणजे त्यांच्या खांद्याने ठरवलं होतं. अमृताला पलंगावरून चाकाच्या खुर्चीत घ्यायचं, खुर्चीतून बाथरूममध्ये न्यायचं, आणि बाहेर जायचं झालं तर कोपर गावातल्या त्या बिनलिफ्टच्या बिल्डिंगचे तीन जिने उतरवायचे. हे करून करून उजवा खांदा आता भाकरी थापतानाही कुरकुरायचा. नवरा सीताराम मदतीला असायचा, पण त्याचीही सत्तरी जवळ आलेली. दोघं म्हातारी आणि मध्ये तरणी मुलगी, अशी ती वरात जिन्यातून निघाली की बिल्डिंगमधले लोक दार लावून घ्यायचे. वाईट वाटतं म्हणून लावायचे, हे रंभाबाईंना कळत होतं, तरी रागच यायचा.

अमृता माजिवड्याला एका कंपनीत अकाउंट्स बघायची. कोरोनाच्या दिवसांत कंपनीने ऑफिसातच लशीचा कॅम्प ठेवला, आणि लस घेतली नसेल तर कामावर येऊ नका असा मेल सगळ्यांना टाकला. अमृताने घेतली. पंधरवड्यात पायांना मुंग्या आल्या, मग पायच गेले. नसांचा आजार आहे, लस घेतल्यावर लाखांत एखाद्याला होतो, त्यातलेही बहुतेक बरे होतात, असं डॉक्टरांनी समजावलं. हात परत आले, पाय आले नाहीत. रंभाबाईंचा लशीवर राग नव्हता. त्यांनी स्वतः सगळे डोस घेतले होते, घाबरणाऱ्या शेजारणींनाही हाताला धरून नेलं होतं. राग कंपनीवर होता. पोर हॉस्पिटलात असतानाच कंपनीने तिचा राजीनामा मागून घेतला, आणि नंतर विचारायला गेलं की म्हणे, आम्ही फक्त हॉल दिला होता.

मग केस. तारखांमागून तारखा. बुद्धविहारातल्या ओळखीने मिळालेल्या मेघना वकिलांनी फीचा तगादा न लावता ती रेटली, म्हणून इथवर आली तरी. शेवटी कोर्टाने दोन्ही बाजूंना मध्यस्थीला बसवलं.

ठाण्याच्या त्या खोलीत एक गोल टेबल होतं. मध्यस्थ म्हणून निवृत्त न्यायाधीश बाई होत्या, तोलून मापून बोलणाऱ्या. कंपनीकडून प्रफुल्ल नावाचा एचआरचा माणूस आला होता. तो काही वाईट नव्हता. अमृताची खुर्ची आत येईना तेव्हा त्यानेच उठून दाराची दुसरी झडप उघडली होती. रकमेवर एकमत आधीच झालं होतं. तेवढ्यात डोंबिवलीत लिफ्ट असलेल्या बिल्डिंगमधली एक खोली बसत होती, ती रंभाबाई दोनदा बघूनही आल्या होत्या. राहिल्या होत्या फक्त सह्या.

बाई वाचू लागल्या, "कंपनी माणुसकीच्या नात्याने अर्जदारास सानुग्रह रक्कम देण्यास तयार आहे..."

"थांबा," सीताराम म्हणाला.

रंभाबाईंनी डोळे मिटले. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. सीतारामची अख्खी नोकरी खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक म्हणून गेली, त्यातली निम्मी युनियनच्या गेटमीटिंगमध्ये.

"मॅडम, दिवाळीला आम्ही बोनस मागायचो आणि हाती यायचं सानुग्रह अनुदान. बोनस म्हटला की हक्क झाला. सानुग्रह म्हणजे मर्जी. दिलं तर दिलं. जन्मभर त्या शब्दाशी भांडलोय मी. आणि अनुग्रह गुरूकडनं घेतात, गुडघे टेकून. आमच्या घरात ते केव्हाच बंद झालंय."

"काका, शब्दच आहे हो," प्रफुल्ल म्हणाला. "पैसे तेवढेच आहेत."

"शब्दच आहे तर बदला ना मग. नुकसानभरपाई लिहा."

"ते नाही लिहिता येणार. आमची चूक होती असा अर्थ निघतो त्यातनं."

"नव्हती?"

प्रफुल्लने पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. मेघना वकील हळूच म्हणाल्या, की या शब्दावरून उठलो तर केस पुन्हा कोर्टात जाईल, आणि मग किती वर्षं ते मी सांगू शकत नाही. सीताराम हाताची घडी घालून बसला. त्याचं बरोबर होतं, हे रंभाबाईंना पुरतं ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्यांचा पारा चढला. या माणसाचं आयुष्यभर बरोबरच असायचं. त्या बरोबर असण्याचं ओझं जिन्यावरून वाहायला मात्र त्यांचा खांदा.

"अहो, पुरे करा आता," त्या म्हणाल्या. "तुमचा शब्द सांभाळायला पोरीला अजून किती वर्षं तिसऱ्या मजल्यावर ठेवायची? मी मेल्यावर कोण उतरवणारे तिला? तुम्ही?"

सीतारामचा चेहरा एवढासा झाला. चारचौघांत असं बोलायला नको होतं, पण बोलून झालं होतं.

"बाबा, केस माझीये ना?" अमृता म्हणाली. इतका वेळ ती टेबलाच्या काचेकडे बघत होती. "सानुग्रह काढा. भरपाई पण नको. नुसतं 'रक्कम' लिहा. कशाची, ते लिहूच नका."

प्रफुल्ल बाहेर जाऊन फोनवर बोलून आला. चालेल म्हणाला. सानुग्रह गेलं, माणुसकीही गेली. सीतारामने मान हलवली. आपण जिंकलो की हरलो, हे त्याला नीट कळलेलं दिसत नव्हतं.

बाईंनी पुढचं कलम वाचलं. अर्जदार व तिचे कुटुंबीय तिच्या प्रकृतीचा संबंध त्या लसीकरणाशी किंवा कंपनीशी जोडणारं कोणतंही विधान यापुढे कोणाहीसमोर करणार नाहीत.

"म्हणजे हे कशामुळे झालं, ते बाहेर सांगायचं नाही," मेघना वकिलांनी फोड करून सांगितलं. "हे जरा जड आहे, रंभाताई. हवं तर विचार करायला वेळ मागू."

"कुणाला सांगत सुटलोय आम्ही?" रंभाबाई म्हणाल्या. "करा सह्या."

अमृताने सही केली. सीतारामने पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट. रंभाबाईंनी आपलं नाव सावकाश गिरवलं, आणि त्यांना एकदम खूप झोप आली.

परतीला मेघना वकिलांनी ओळखीची इको बोलावून दिली. गाडी धाकूशेठची. कोपरचे जुने आगरी, शेतं होती तिथे आता टॉवर उभे, भाड्यावर घर चालतं, पण घरी बसवत नाही म्हणून गाडी चालवतात. त्यांनी स्वतः उतरून खुर्ची मिटली, मागे नीट आडवी ठेवली, अमृताच्या पाठीला उशी दिली. या वेळी पहिल्यांदाच रंभाबाईंना काही उचलावं लागलं नव्हतं. आता खोली घ्यायची, आता लिफ्ट, असं त्या मनाशी म्हणत होत्या. खारेगावचा पूल गेला तसं धाकूशेठनी आरशातून मागे पाहिलं.

"काय झायलाय गो बाय पोरीला?"

सीतारामने तोंड उघडलं आणि मिटलं. अमृता खिडकीबाहेर बघू लागली. म्हातारा माणूस, मायेने विचारत होता, आरशात थांबून राहिला होता. उत्तर कोणीतरी द्यायला हवं होतं.

"जल्मापासनं हाय का?" त्यांनीच वाट काढून दिली.

"हो," रंभाबाई म्हणाल्या. "जन्मापासूनच."

"अरेरे. म्हंजे पोर कवा चाललीच नाय."

अकराव्या महिन्यात चालली होती. खोपटच्या भाड्याच्या खोलीत, ड्युटीवरून आलेल्या बापाच्या हातातला डबा घ्यायला, भिंत सोडून, सरळ. रंभाबाईंनी तेव्हा कौतुकाने अख्ख्या चाळीला बोलावून ती पुन्हा चालवून दाखवली होती. धाकूशेठ अजून आरशात बघत होते.

"नाही," रंभाबाई म्हणाल्या, "कधीच नाही."