मागच्या चाकांचा भार

सयाजीने मागच्या चाकाच्या वर, मडगार्डच्या आत हात घातला. आडवी तीन बोटं गेली, चौथं अडकलं. त्याने हात बाहेर काढून पँटला पुसला आणि पुन्हा घातला. दुसऱ्या खेपेलाही तीनच गेली.

"मघाशी बी तीनच व्हती मेजर," इलाही म्हणाला.

सैन्यातून हवालदार होऊन आलेल्या माणसालाही आपल्याकडे मेजरच म्हणतात, तसा सयाजी मेजर. सव्वीस वर्षं त्याने लष्कराचे ट्रक चालवले होते. इलाही त्याच्याच वयाचा. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत, कारखान्यांच्या रांगेत त्याचं टायरचं दुकान होतं, आणि गेली तीस वर्षं तो लोकांच्या तोंडाकडे न बघता चाकांकडे बघून बोलत आला होता. आज मात्र तो अधूनमधून सयाजीच्या तोंडाकडे बघत होता.

गाडी म्हणजे जुनी मॅटाडोर. निवृत्तीनंतर सयाजीने ती भंगारातून उचलली आणि दोन हिवाळे खपून तिचं चाकांवरचं घर केलं. आत पलंग, कपाट, भांडी धुवायला बेसिन, घडीचं टेबल. नोकरीभर बायकोला, क्रांतीला, गावात ठेवलं, आता देश दाखवायचा असा बेत होता. देश राहिला बाजूला. एकदा औंधला यमाईला जाऊन आले, एकदा आटपाडीला तिच्या माहेरी, आणि तिसऱ्या खेपेच्या आधी तिला गाडीची पायरी चढवेना. छातीतला आजार मणक्यात उतरला होता. मग सयाजीने गाडीच्या स्प्रिंगा, म्हणजे कमानीचे पाटे, बदलून घेतले आणि अख्खी गाडी वीतभर खाली बसवली, म्हणजे क्रांतीला अलगद आत घेता येईल. गाडी दिसायला मात्र झोकात आली. कारखान्यातली पोरं दुचाक्या थांबवून तिचे फोटो काढत. मेजरनी उतारवयात भलताच शौक केलाय म्हणत. सयाजी त्यांना काही सांगत बसत नसे.

आता तीच खाली बसलेली गाडी मुळावर आली होती. चाकांवरचे टायर इतके तडकले होते की नख दाबलं तर आत जाई. हायवेला त्यांचं काही खरं नव्हतं. आणि उद्या, रविवारी पहाटे, मुंबईला निघायचं होतं. सोमवारी मोठ्या दवाखान्यात क्रांतीची तारीख होती.

ही दुसरी तारीख. पहिल्या तारखेला मिरजेहून अॅम्ब्युलन्स केली होती. रस्त्यातला प्रत्येक खड्डा क्रांतीच्या पाठीत शिरत होता. कराड गेलं तोवर ती तोंडात पदर कोंबून होती, उंब्रजला ओरडली, आणि मग नुसतं परत फिरवा, परत फिरवा असं म्हणत राहिली. सयाजीने अॅम्ब्युलन्स परत फिरवायला लावली. त्या दिवसापासून तो नीट जेवला नव्हता. डॉक्टरांनी दुसरी तारीख दिली. तिसरी देणार नाही असं काही ते म्हणाले नाहीत, पण त्यांनी फाइल ज्या तऱ्हेने मिटली त्यावरून सयाजी समजायचं ते समजला. सोमवारी पोचलो तर काहीतरी होईल. नाही पोचलो तर काय, हे तो मनात येऊ देत नव्हता.

इलाहीने तीन टायर काढून गाडीला टेकवून ठेवले होते. पहिला मूळ मापाचा, उंच. तो बसवला की माणूस आत असताना मडगार्डला घासणार, म्हणून तो बाद झाला. क्रांतीला आज सोबत आणून आत निजवलं होतं ते यासाठीच. भार आत असल्याशिवाय गाडी किती बसते ते कळत नाही. दुसरा बुटका आणि जाड, मालाच्या टेम्पोचा. वाटेल तेवढा भार घेईल, पण वाटेतला खडा न् खडा थेट वर पोचवील. तिसरा मोटारीचा, मऊ. त्याच्यावर बसलेल्याला रस्ता कळतसुद्धा नाही. अडचण एवढीच की मागचे दोन मिळून बाराशे तीस किलोच घेतात. तसं त्या टायरच्या अंगावरच उठवलेलं असतं.

सयाजीच्या कागदावर भार तेराशेच्या वर होता.

लष्करी सवयीने त्याने गाडीतली प्रत्येक चीज ताणकाट्याला लावून लिहून काढली होती. मागच्या चाकांवर किती येतं त्याचा हिशेब हातखंडा होता. सकाळपासून तो इलाहीला गळ घालत होता की वरच्या पंचाहत्तर-ऐंशी किलोंनी काय होतंय, मी हळू चालवीन. इलाही एरवी गिऱ्हाइकाचं मन मोडणारा नव्हे, पण इथे तो हलेना.

"वर एक किलो न्हाई," तो म्हणाला. "एकाला असंच घालून दिल्यालं मी. हायवेला फुटला त्यो. माणसं वाचली, पर तवापास्नं मी घालत न्हाई. आत कोण निजणार हाय ते बगा की."

ट्रकवाल्या पोरांना सयाजी स्वतः हेच शिकवत आला होता. तो गाडीत चढला आणि पान्याने बेसिनचे बोल्ट सोडायला लागला.

पुढच्या तासाभरात बेसिन बाहेर आलं, कपाट आलं, घडीचं टेबल आलं. दोन हिवाळ्यांचं काम इलाहीच्या दारात मातीवर मांडलं गेलं. क्रांती पलंगावर पडल्या पडल्या ते बघत होती. कपाटाला तिने स्वतः आतून कागद लावले होते. ऑक्सिजनचे दोन सिलेंडर होते, त्यातला एक पुढच्या सीटवर बांधून झाला. दुसरा तिच्या उशाशीच लागत होता. सयाजीने कागदावर एकेक ओळ खोडली आणि बेरीज केली. बाराशे पन्नास. अजून वीस किलो जास्त होते. आता आत राहिलं होतं काय, तर पलंग, एक सिलेंडर, ऑक्सिजनच्या मशीनची बॅटरी आणि क्रांती.

तो गाडीच्या दारात बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. वीस किलो. एवढा धान्याचा कट्टा तो काखेत मारून माळ्यावर नेत असे, आणि आज त्याने रस्ता अडवला होता. त्याला लाज वाटत होती आणि रडू येत होतं, आणि दुकानापुढून माणसं चहा पीत जात होती.

"कागद ऱ्हाऊ द्या मेजर," इलाही म्हणाला. "समोर काटा हाय. मागची चाकं नुसती वर घाला. काय भरतंय ते तरी कळंल."

समोर रस्त्यापलीकडे कारखान्यांचा वजनकाटा होता. सिद्धू नावाचा माणूस तिथे खिडकीत बसे. सयाजीने गाडी अंगणातून अशी काढली की पाण्याचा भरलेला हंडाही हिंदकळला नसता. मागची दोन चाकं तेवढी काट्यावर घेतली आणि तो खाली उतरला. खिडकीवरचे लाल आकडे जरा नाचले आणि स्थिर झाले. बाराशे वीस.

"बसले की," इलाही म्हणाला, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसला. "मऊ बसले मेजर. धा किलो हातात ठिवून बसले."

सयाजी आकड्यांकडे बघत राहिला. मग खिडकीशी जाऊन सिद्धूला म्हणाला, काटा चुकतोय तुझा. सिद्धूला राग आला. सरकारी शिक्का मारलेला काटा होता. तरी त्याने गाडी पुढे घ्यायला लावली, काटा शून्यावर आणून दाखवला आणि पुन्हा गाडी घ्या म्हणाला. पुन्हा बाराशे वीस.

तीस किलो कमी. सयाजीने खिशातला कागद काढला. पलंग त्याने स्वतः तोलला होता, सिलेंडर तोलला होता, बॅटरी, गादी, उशासुद्धा. एकच आकडा दुसऱ्याच्या हातचा होता. क्रांती, पासष्ट. तो दवाखान्याच्या फाइलमधून उतरवलेला होता. तिला काट्यावर उभं राहता येईना तेव्हापासून फाइलमध्ये वजन लिहिणंच बंद झालं होतं, आणि त्यालाही आता आठ महिने होत आले होते.

घरी तिला चादरीतून उचलत. पाठ एकदा मोडलेली असल्याने सयाजीला एकट्याने उचलणं जमत नसे. दोन टोकं त्याच्या हातात, दोन शेजारच्या हरणाबाईच्या. अलीकडे आपल्याकडची बाजू हलकी लागते हे त्याला कळत होतं. हरणाबाई जास्त जोर लावते असं तो धरून चालला होता. एकदा त्याने तिला तसं म्हणूनही दाखवलं होतं, आणि ती बाई नुसती मान खाली घालून गेली होती.

इलाहीने त्याच्या हातातला कागद वाकून बघितला. शेवटची ओळ वाचली. मग त्याचं हसू गेलं आणि तो उगाच चाकाशी जाऊन बसला.

"आवं, काय म्हणतोय काटा?" आतून क्रांतीने विचारलं.

सयाजी दारापाशी गेला. आत गेला नाही.

"हाय तेवढंच," तो म्हणाला. "बाराशे पन्नास."

आत मशीनचा सूं सूं आवाज येत होता.

"मग जाड घाला," ती म्हणाली. "मी सोसंन. त्या टायमाला तोंड उघाडलं, म्हणून तुमी परत फिरला. आता न्हाई उघडायची."

सयाजीने दाराची कड धरली. उंब्रजहून परत फिरल्याचा दोष तिने स्वतःच्या माथी घेतला होता हे त्याला आज कळत होतं. हे खोटं तसंच ठेवलं तर जाड टायर घालावे लागतील, आणि मुंबईपर्यंतचा खडा न् खडा तिच्या पाठीत जाईल, आणि ती हूं की चूं करणार नाही. खरं बोललो तर ते तिला ऐकवावं लागेल.

"इलाहीभाई," तो मागे न बघता म्हणाला, "मऊ घाला."

"ते बसत न्हाईत म्हणला न्हवं आत्ता?" क्रांती म्हणाली.

"बसत्यात."

तिला हिशेब येत होता. घरची सगळी शेती नोकरीभर तिनेच सांभाळली होती.

"किती भरले मी?"

"पस्तीस."

गाडी परत दुकानाच्या दारात आली. इलाहीने चारही मऊ टायर काढून ठेवले आणि जॅक घेऊन आला. पण जॅक लावला की गाडी एका अंगाला कलणार, त्याआधी वहिनींना खाली घ्यावं लागेल, असं त्याने हळू आवाजात सांगितलं. सयाजीने फोन काढला. हरणाबाईला रिक्षाने बोलावून घेतो, अर्ध्या तासात येईल, असं तो म्हणू लागला.

"पस्तीस किलोला दोन माणसं कशाला?" क्रांती म्हणाली. "चादरीत मधी वाकते मी, तिथंच लय दुखतं. तुमीच घ्या."

सयाजीने फोन खिशात ठेवला. आत वाकला. एक हात तिच्या पाठीखाली घातला, एक गुडघ्यांखाली. पाठीत कळ येईल म्हणून त्याने श्वास धरून ठेवला होता. कळ आली नाही.

तो तिला घेऊन सावलीत उभा राहिला. इलाहीने खुर्ची आणून त्याच्या मागे ठेवली, गादीही ठेवली. सयाजी बसला नाही. कपाट, बेसिन, टेबल त्याच्या पायांशी मातीत पडलं होतं, आणि रस्त्यावर दुचाकीवरचे दोघे गाडी बघायला थांबले होते, ते फोटो न काढताच निघून गेले. इलाही भराभर पहिल्या चाकाचे नट सोडू लागला.

क्रांतीने सयाजीच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"भाऊ," ती इलाहीला म्हणाली, "घाई करू नगा."