मेरुन्काचं वजन

आमच्या साप पाळणाऱ्या मुलांच्या मंडळात एक रीत होती. सापाची मादी जोडी लावण्याजोगी झाली की नाही, हे कुणी एकट्याने ठरवायचं नाही. आधी सगळ्यांसमोर तिचं वजन व्हायचं, तेही रिकाम्या पोटी, म्हणजे शेवटचा उंदीर खाल्ल्याला आठवडा उलटल्यावर. मग ती एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात फिरायची. तयार मादीच्या पोटाखालून बोट सरकवलं की आत मण्यांची माळ असावी तशी होऊ घातलेली अंडी लागतात. हे फळ्यावर शिकवता येत नाही, बोटांनाच शिकावं लागतं, असं मी मुलांना सांगत आले होते.

त्या शनिवारी पाळी मेरुन्काची होती. मेरुन्का म्हणजे चेक भाषेत जर्दाळू. तिचा रंगही पिकल्या जर्दाळूचाच. ती मंडळातल्या आपोलेनाची. पिल्लू असल्यापासून आपोलेनाने तिला वाढवलं होतं, आणि दर हिवाळ्यात आजोबांच्या तळघरात, वाइनच्या पिंपांशेजारी, थंडीत शीतनिद्रेला झोपवलं होतं. वय पुरेसं झालं होतं, लांबीही भरली होती. फक्त यंदा ती तळघरातून वर आली ती हडकुळी होऊन. तीनशे ग्रॅमच्या आतल्या मादीला आम्ही नराजवळ सोडत नसू. अंडी धरताना तिच्या अंगातलं सगळं त्यांच्यात जातं. मुळातच कमी असेल तर अंड्यांबरोबर तीही जाते.

नर मंडळात येणाऱ्या म्हाताऱ्या बोहुशकाकांचा होता. ते मुलीकडे राहायला निघाले होते आणि जावयाने घरात साप चालणार नाही असं निक्षून सांगितलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी ब्र्नो शहराच्या बाजारात तो विकला जाणार होता. जोडी लागली तर आजच. इकडे आपोलेनाने अजून न झालेली पिल्लं सगळ्या मुलांना वाटूनही टाकली होती. व्हीतेकने तर आपल्या पिल्लाचं बारसंही उरकलं होतं.

मी तिला विचारलं, शेवटचं खाणं कधी दिलंस? मागच्या शनिवारी, ती म्हणाली. स्वयंपाकाच्या काट्यावर डबा ठेवून मेरुन्काला आत सोडलं. आकडा तीनशेच्या जरा पुढे जाऊन थांबला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मी मेरुन्काला उचललं आणि तिला बोटांवरून सरकू दिलं. मणी लागले नाहीत. शरीराच्या मध्यावर एक लांबट, मऊसर गोळा लागला. आत उंदीर होता, फार तर दोन दिवसांचा. मी आपोलेनाकडे पाहिलं. ती काटा पुसत होती. काटा स्वच्छच होता.

तेव्हाच सांगून मोकळं व्हायला हवं होतं. पण बारा वर्षांच्या मुलीला सगळ्यांसमोर खोटं पाडायचं माझ्या जिवावर आलं. आणि खरं सांगायचं तर, ती आपणहून बोलली तर जन्मभर लक्षात ठेवेल, असा मास्तरी हिशोबही मनात होताच. आपोलेनाची पाळी शेवटी ठेवू, तोवर बोलेल. नाहीच बोलली तर नराचा डबा उघडण्याआधी मी थांबवेन. असं म्हणून मी मेरुन्का पुढे दिली.

मुलं वेळ लावत होती. पोट भरलेला साप इतका हाताळायचा नसतो, हे त्यांना मीच शिकवलं होतं; का, ते मात्र सांगितलं नव्हतं. बोहुशकाका खुर्चीवरून चिडवत होते.

"काय बाई, नवरी नटली की नाही अजून? माझा पोरगा तिकडे ताटकळलाय."

मुलांना हसवायला त्यांनी तिला गळ्यातसुद्धा घालून घेतलं. मग ती व्हीतेककडे आली. त्याने डोळे मिटून नीट चाचपलं.

"बाई, मला मणी नाही लागत. एकच मोठं काहीतरी लागतंय."

"असं का? दे पुढे," मी म्हणाले.

पोराचं उत्तर अचूक होतं. ते मी दाबलं.

शेवटी मेरुन्का आपोलेनाच्या हातात आली. तिने मेरुन्काला दोन्ही हातांवर घेतलं. तेवढ्यात मेरुन्काची मान वाकडी झाली, अंगातून एक लाट पुढे सरकली, जबडा फाकला आणि अर्धा विरघळलेला उंदीर टेबलावर पडला. घाण वास सुटला. मुलं मागे सरली.

"परवा मीच दिला," आपोलेना टेबलाकडे बघत म्हणाली. "वजन भरावं म्हणून."

बोहुशकाकांनी एकही टोमणा मारला नाही. त्यांनी नराचा डबा काखेत घेतला, "राहू दे पोरी," म्हणाले आणि निघून गेले.

मुलं गेल्यावर आम्ही दोघींनी मेरुन्काला उबेत ठेवलं, पाणी दिलं. पोटातल्या आम्लाने घसा पोळतो, आता बरेच दिवस खाणं द्यायचं नाही, वगैरे मी सांगत होते. आपोलेना आवाज न करता रडत होती. तिचं ओझं हलकं करावं म्हणून मी म्हणाले, "चूक तुझ्या एकटीची नाही गं. मी तिला उचललं तेव्हाच मला कळलं होतं."

तिचं रडणं थांबलं.

"कळलं होतं?"

"हो. तू स्वतः सांगशील म्हणून थांबले."

"आणि तिला सगळ्यांच्या हातात फिरवलंत?"

मी पाण्याची वाटी उगाच सरळ केली.

"ती ओकेल हे मला नव्हतं माहीत, बाई," आपोलेना म्हणाली. "तुम्हाला होतं."

पुढच्या शनिवारी मी मुलांना सगळं सांगितलं. व्हीतेकचं उत्तर बरोबर होतं आणि मी ते मुद्दाम पुढे ढकललं, हेही. तो म्हणाला, मग मी दिवसभर माझ्या बोटांना उगाच नावं ठेवली. कुणी हसलं नाही.

आपोलेना मेरुन्काला घेऊन आली होती. मेरुन्का बारीक झाली होती, पण जीभ काढून बघत होती. आता जोडी कधी, असं एकाने विचारलं. ती तयार होईल तेव्हा, आपोलेनाने सांगितलं. यंदा नाही, आणि पुढच्या वर्षी नसेल तर पुढच्या वर्षीही नाही. पिल्लांची वाटणी तिने मोडून टाकली होती.

सवयीने माझा हात डब्याकडे गेला. तिने डबा हळूच आपल्याकडे ओढला.

"आज नको, बाई. अजून तिला कुणी हात लावायचा नाही."

"बरोबर आहे," मी म्हणाले, आणि हात मागे घेतला.